कोकणातल्या अस्थिरोगतज्ज्ञांना खुलं पत्र: गुडघा आधी समजावून सांगा

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील माझे अस्थिरोगतज्ज्ञ सहकारी,

सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की आपल्या सगळ्यांच्या दवाखान्यांतली गर्दी बदलते. मुंबई-पुण्याहून चाकरमानी आलेले असतात. वर्षभर फोनवर "बरं आहे हो" म्हणणारी आई चार पायऱ्या उतरताना खांबाला धरते, हे त्यांना पहिल्यांदा दिसतं. मग त्या पाच-सात दिवसांत धावपळ सुरू होते. एक्स-रे, लगोलग एमआरआय, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले, आणि परतीच्या गाडीत आईला सोबत न्यायचं, ऑपरेशन उरकून टाकायचं, असं ठरतं. मुलांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण जिचा गुडघा आहे तिला या सगळ्यात कोणी काही विचारत नाही आणि नीट सांगतही नाही. हे पत्र तिच्या वतीने लिहिते आहे. तुम्हाला लिहिते, कारण तिने हो म्हणायच्या आधी तिच्यासमोर बसलेला शेवटचा माणूस तुम्ही असता.

माझी ओळख तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आहे. मुंबईत शिकून मी दापोलीत आले, बरीच वर्षं हाडं जोडली, सांधे बदलले. पुढे शस्त्रक्रिया हळूहळू कमी केल्या आणि लोकांशी गुडघ्याबद्दल बोलणं हेच मुख्य काम केलं. बचत गटाची बैठक, मच्छीमार सोसायटीचं ऑफिस, शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, जिथे जागा मिळेल तिथे वर्ग घेतले. काही सहकाऱ्यांना ती समाजसेवा वाटली. मी मात्र ते वैद्यकीय काम समजूनच केलं आणि आजही तसंच समजते.

वर्गातली एक गोष्ट सांगते. हर्णैच्या लिलावात उभा जन्म उकिडवं बसून मासळी विकलेल्या एका आजींनी मला विचारलं, "बाय, डॉक्टरनी माझी वाटी बदललीन, मग जुनी वाटी कुठं टाकलीन?" कोणी हसलं नाही, कारण निम्म्या बायकांच्या मनात तोच प्रश्न होता. मी शिकवायला ठेवलेला गुडघ्याचा फायबरचा नमुना मांडीवर घेऊन उघडला. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक थोडंसं, काही मिलिमीटर, कापतात. त्यावर धातू बसवतात, मध्ये पॉलिएथिलीनची, म्हणजे प्लास्टिकची, चकती येते. त्यांच्या बाबतीत पुढची वाटी सर्जनने जिथल्या तिथे ठेवली होती, एक्स-रेत ते स्पष्ट दिसत होतं. आजींनी लुगडं जरा वर सरकवलं, पाय सैल सोडून दोन बोटांनी वाटी इकडून तिकडे हलवून पाहिली आणि म्हणाल्या, "म्हणजे ही माझीच?" बसवलेली वाटी निसटेल या भीतीने त्या ऑपरेशनपासून अंगणाची पायरी एकट्या उतरल्या नव्हत्या. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. पैसे गेले होते, जखम भरली होती, पाय सरळ झाला होता. चालायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते कोणीतरी दहा मिनिटं बोललं नाही म्हणून.

आपल्याकडचे गुडघे काय काय सोसतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, तरी लिहिते, कारण तपासताना ते विचारलं जात नाही. घर उंचावर, विहीर खाली, मध्ये जांभ्याच्या चिऱ्यांची उंच-सखल पाखाडी. आषाढात खाचरात दिवसभर वाकून लावणी, चिखलातून पाय उपसत. घरी आल्यावर विळीवर बसून मासे कापायचे, मग काजूच्या दिवसांत उकिडवं बसून बिया सोलायच्या. सतत उकिडवं बसणं, गुडघ्यावर बसणं आणि वजन उचलणं एकत्र आलं की गुडघ्याच्या संधिवाताची शक्यता वाढते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने भात कापणाऱ्याला वैभव विळा दिला, आंबा उतरवणाऱ्याला नूतन झेला दिला. मासळी कापणाऱ्या बाईला उंचावर बसून काम करता येईल अशी साधी मांडणी आपल्यापैकी कोणी सुचवायला काय हरकत आहे? मी काही घरांत विळी बाकावर ठेवायला लावली. पहिले आठ दिवस कुरकुर झाली, नंतर सुनांनीही तीच जागा धरली.

आता आपण रुग्णाला काय सांगतो त्याबद्दल. "गुडघ्यातलं वंगण संपलंय." "गॅप गेली." "हाडावर हाड घासतंय, जपून चाला." ही वाक्यं आपल्याच दवाखान्यांतून बाहेर पडतात आणि गावभर होतात. ऐकणारी बाई घरी जाऊन काय करते? चालणं बंद करते. उरलेलं वंगण पुरवून वापरायचं असतं अशी तिची समजूत होते. खरं शरीरशास्त्र याच्या उलट आहे. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, म्हणजे कूर्चेला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो आणि सुटतो, त्या हालचालीनेच सांध्यातलं द्रव तिच्यात खेळतं आणि तिला पोषण मिळतं. मांडीचा पुढचा स्नायू अशक्त झाला की सांध्यावरचा ताण वाढतो, दुखणं वाढतं, आणि दुखतं म्हणून बाई आणखी बसून राहते. आपल्या एका वाक्याने हे चक्र सुरू झालेलं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

एमआरआयचंही तसंच. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये पन्नाशीपुढच्या 710 लोकांचे एमआरआय काढले होते. एक्स-रेत संधिवाताची खूण नसलेलेच लोक घेतले होते, तरी त्यांतल्या 89 टक्के लोकांत काहीतरी बिघाड सापडला, आणि त्यांत अजिबात न दुखणारेही होते. हा अभ्यास 2012 सालचा. तरीही साठीच्या माणसाच्या हातात इंग्रजी रिपोर्ट पडतो, त्यात मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली गादी, फाटल्याचं लिहिलेलं असतं, आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. रिपोर्ट हातात देताना "या वयात हे बहुतेकांच्या गुडघ्यात असतं" एवढं बोलायला किती वेळ लागतो?

दुर्बिणीने गुडघा "साफ" करण्याबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण ही शस्त्रक्रिया आपल्या पट्ट्यात अजूनही होते. 2002 साली ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याचा संधिवात असलेल्या 180 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून गट केले. काहींची दुर्बिणीने सफाई केली, काहींचा सांधा नुसता धुतला, आणि काहींच्या कातडीवर फक्त छेद दिले, आत काहीच केलं नाही. दोन वर्षांनी तिन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता. 2013 मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी झिजून फाटलेल्या मेनिस्कसच्या 146 रुग्णांत, त्यांना संधिवात नसतानाही, तसंच पाहिलं आणि निष्कर्ष तोच निघाला. 2017 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी झिजेच्या गुडघ्यात दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये, असं ठाम सांगितलं. अडकून बसलेला, सरळच न होणारा गुडघा किंवा तरण्या पोराचा ताजा फाटलेला मेनिस्कस ही वेगळी गोष्ट, तिथे मीही दुर्बिणीच्याच बाजूची आहे. पण सत्तरीच्या बाईला सफाईसाठी टेबलावर घेताना हे अभ्यास तिला सांगितले जातात का? ते ऐकूनही ती हो म्हणाली तर तो तिचा निर्णय. न सांगता घेतलेला होकार मला मान्य नाही.

शस्त्रक्रियेच्या विरोधात मी नाही, कधीच नव्हते. पूर्ण झिजलेला, वाकडा झालेला, रात्री झोपू न देणारा गुडघा बदलल्यावर माणूस पुन्हा उभा राहतो, आणि तो आनंद मी माझ्या हातांनी दिला आहे. 2019 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या आढाव्यानुसार संपूर्ण बदललेले 82 टक्के गुडघे 25 वर्षं टिकतात. हे जरूर सांगा. त्याच दमात हेही सांगा, की परदेशांतल्या मोठ्या पाहण्यांत साधारण पाचातला एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर पूर्ण समाधानी नसतो. जमिनीवर मांडी घालून बसता येईल का, देवापुढे गुडघे टेकता येतील का, लावणीला उतरता येईल का, हे प्रश्न आपल्या बायकांच्या मनात सगळ्यांत वर असतात आणि तोंडून सगळ्यांत शेवटी निघतात. ते तुम्ही आधी काढा.

डेन्मार्कमध्ये 2015 साली गुडघा बदलण्याइतका त्रास असलेल्या 100 रुग्णांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांचा गुडघा बदलून मग व्यायाम दिला, निम्म्यांना नुसताच व्यायाम, आहार, वजन आणि शिकवण. गुडघा बदललेल्यांना आराम जास्त पडला, यात वाद नाही. पण दुसऱ्या गटातल्या साधारण पाऊण जणांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागलीच नाही. बाईसमोर या दोन्ही गोष्टी ठेवल्या तर कोणी म्हणेल, "मला आत्ताच करा, सुनेचं बाळंतपण पुढे आहे." कोणी म्हणेल, "वर्षभर बघते." दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, कारण संसार तिचा तिला माहीत.

वजनाबद्दल बोलताना आपण रागावतो. त्यापेक्षा आकडा सांगावा. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. हे ऐकल्यावर बायकांचे चेहरे उजळतात, कारण दोन-तीन किलो आवाक्यातले वाटतात. आणि मेडिकलमधून रोज आणून खायच्या वेदनाशामक गोळ्या, त्यावर रक्तदाबाचं औषध, वर मधुमेह, यात मूत्रपिंडाचं काय होतं तेही विचारा. दुखऱ्या गुडघ्यावर लावायचं डायक्लोफिनॅकचं जेल बऱ्याच जणांना पुरतं आणि पोटाला, मूत्रपिंडाला त्याचा त्रास कितीतरी कमी.

तरुण पोरांबद्दलही लिहायलाच हवं. वाडीवाडीत कबड्डीचा संघ आहे. चढाई करून परतताना पाय अडकतो, गुडघा वळतो, आवाज येतो आणि "लिगामेंट गेलं" म्हणत चार जण उचलून आणतात. शिमग्यात पालखी नाचवतानाही असे पाय मी पाहिले आहेत. त्या पोराला वाटतं, आठवड्यात ऑपरेशन नाही झालं तर पाय गेला. स्वीडनमध्ये 2010 साली एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, तुटलेल्या 121 तरुणांवर अभ्यास झाला. काहींची लगेच शस्त्रक्रिया, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि लागली तरच पुढे शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच होते, आणि व्यायामवाल्यांतल्या निम्म्याहून जास्त पोरांना तोवर शस्त्रक्रिया लागली नव्हती. ज्याला पुन्हा मैदानातच उतरायचं आहे त्याचा विचार निराळा, ज्याला बोटीवर जायचं आहे त्याचा निराळा. मंडळांच्या प्रशिक्षकांना उडी मारून गुडघा न वळवता कसं टेकायचं ते शिकवा. इतर खेळांत अशा सरावाने एसीएलच्या दुखापती जवळपास निम्म्या झालेल्या आहेत.

आता कागदांबद्दल, कारण रुग्णाची बाजू घेणं म्हणजे बरेचदा कागदांच्या मागे लागणं असतं. जयगड खाडीच्या काठावरच्या एका तांडेलाचा, म्हणजे मच्छीमार बोटीच्या प्रमुखाचा, गुडघा लांबच्या एका रुग्णालयात बदलला होता. काही वर्षांनी त्यातली प्लास्टिकची चकती सैल झाली. चकती बदलायची तर धातूच्या भागाची कंपनी आणि माप माहीत हवं, दुसऱ्या कंपनीची चकती त्यात बसत नाही. घरून त्यांनी जपून ठेवलेली पिशवी आणली. प्लास्टिकवर प्लास्टिक गुंडाळलेलं, आत देवाच्या अंगाऱ्याची पुडी, एक्स-रे आणि एक डिस्चार्ज कार्ड. कार्डावर एवढंच, की उजवा गुडघा बदलला. इम्प्लांटच्या, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या, डब्यावरचे स्टिकर केसपेपरला लावलेले असतात, ते त्यांना कोणी दिले नव्हते, दाखवलेही नव्हते. मुलगा दोनदा जाऊन आला, फाईल सापडत नाही म्हणाले. मग मी त्याला बसवून अर्ज लिहून दिला. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत त्याची कागदपत्रं द्यावी लागतात, हे त्यात ठळक लिहिलं आणि पोच घेऊनच ये म्हटलं. फाईल सापडली. स्टिकरवरून माप कळलं आणि फक्त चकती बदलून काम भागलं. नाहीतर अख्खा गुडघा पुन्हा उघडून सगळं काढावं लागलं असतं.

ते स्टिकर प्रत्येक रुग्णाला डिस्चार्जच्या दिवशी द्यावेत, एवढं तुम्ही उद्यापासून करू शकता. 16 ऑगस्ट 2017 ला राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या इम्प्लांटसाठी ती तेव्हा जीएसटी सोडून 54,720 रुपये होती. इम्प्लांटची किंमत, कंपनी आणि बॅच बिलात वेगळी दाखवायची, हेही त्याच आदेशात आहे. तरी "पॅकेज" या एका शब्दाखाली सगळं जातं आणि तांडेलाच्या मुलासारखी माणसं विचारायला धजत नाहीत. रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं बंधन आपल्या राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत 2021 पासून आहे. ते लावलेलं असेल तर रुग्णाला तिथे नेऊन वाचूनही दाखवा. जन आरोग्य योजनेच्या कार्डावर काय बसतं आणि काय नाही, हे आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाकडून, तारीख द्यायच्या आधी विचारून घ्या. दागिने मोडून झाल्यावर ते कळून उपयोग नसतो.

संमतिपत्राचंही तेच. 2008 साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की उपचाराचं स्वरूप, धोके, दुसरे पर्याय आणि काहीच न केल्यास काय होईल हे पुरेसं सांगितल्यानंतरचीच संमती खरी. आपल्याकडे ऑपरेशनच्या दिवशी पहाटे, सलाईन लावलेल्या हाताने, इंग्रजी कागदावर अंगठा घेतला जातो. ते संमतिपत्र मराठीत असावं, आदल्या भेटीत घरी न्यायला द्यावं, आणि रुग्णाने ते कोणाकडून तरी वाचून घेऊन प्रश्न लिहून आणावेत. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला जातो म्हणाला तर एक्स-रे हातात देऊन पाठवा. माझ्याकडून असे गेलेले बरेच रुग्ण परत माझ्याकडेच आले, आणि आले ते निश्चिंत होऊन.

तुम्ही म्हणाल, ओपीडीत एवढी रांग असते, एकेकाशी इतकं बोलायचं कधी? प्रश्न रास्त आहे, मीही त्या खुर्चीत बसले आहे. म्हणूनच वर्ग. डेन्मार्कने 2013 मध्ये असा कार्यक्रम सुरू केला: दोन सत्रं माहितीची, बारा व्यायामाची, सगळी गटाने, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. आपल्याला त्याहून साधं जमेल. आठवड्यातून एक दुपार, दहा-बारा रुग्ण, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, एक फिजिओथेरपिस्ट किंवा नीट शिकवलेली नर्स. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाय सरळ ठेवून उचलणं, पायरीवर चढणं-उतरणं. सुरुवातीला दुखणं थोडं वाढेल हे आधीच सांगायचं, नाहीतर दुसऱ्या आठवड्याला कोणी येत नाही. आणि ऑपरेशन झालेल्या एका बाईला मुद्दाम बोलवायचं. माझ्या वर्गांत डॉक्टरपेक्षा तिलाच जास्त प्रश्न विचारले जायचे: संडासला कशी गेलीस, किती दिवसांनी चूल पेटवलीस, पाऊस पडला की दुखतं का.

अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, तिन्हीकडे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, डेरवणला खासगी महाविद्यालय त्याआधीपासून आहे. तुमच्यापैकी जे तिथे शिकवतात त्यांना माझी खास विनंती. विद्यार्थ्याला गुडघा तपासता येतो का हे जसं परीक्षेत बघता, तसंच त्याला तो गुडघा केळशीच्या आजीला मराठीत समजावता येतो का, हेही बघा.

माझ्याकडे गुडघ्याचे मोठे मराठी तक्ते आहेत, उघडता येणारा फायबरचा गुडघा आहे, व्यायामाचं एक पानी चित्रपत्रक आहे आणि संमतिपत्राचा मराठी मसुदा आहे. ज्यांना वर्ग सुरू करायचा आहे त्यांनी ते घेऊन जावेत आणि झेरॉक्स काढून वापरावेत, माझं नाव घालायची गरज नाही. पहिल्या दोन-तीन वर्गांना मी स्वतः येऊन बसेन. मसुद्यात काही चुकलं असेल तर कळवा. सावंतवाडी-मालवणकडच्या कोणी तो मालवणीत उतरवून दिला तर तिकडच्या रुग्णांसाठी तो हवाच आहे, आणि रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांसाठी तिथल्या बोलीतलाही. वेदनाशामक गोळ्यांबद्दलचं पान अजून लिहायचं राहिलं आहे. ते तुमच्यापैकी कोणी फिजिशियनच्या मदतीने लिहावं, अशी इच्छा आहे.

आपली,
दापोलीतील एक अस्थिरोगतज्ज्ञ